ट्रॉफीमागचा बागेतला कलश

टेनिसवेड्यांनो, एक क्विझ! ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून फेडररनं सहा वेळा आणि जोकोविचनं दहा वेळा उचललेल्या कपाचा मूळ पीस कुठे आहे? मेलबर्नला? चूक! तो आहे ग्लासगोत. संगमरवरी, कवेत न मावणारा. आणि जवळजवळ दोनशे वर्षं तो होता एका इंग्रज सरदाराच्या गढीत.

नाव ‘वॉरिक व्हास’. हा रोमन कलश दुसऱ्या शतकातला. रोमजवळच्या तिवोलीत, सम्राट हेड्रियनच्या महालापाशी गाळानं भरलेल्या तळ्यात १७७१ च्या सुमारास त्याचे तुकडे सापडले. नेपल्समधले ब्रिटिश राजदूत सर विल्यम हॅमिल्टन यांनी ते घेतले आणि नव्या संगमरवराचे जोड देऊन अख्खा कलश उभा केला. ब्रिटिश म्युझियमशी सौदा जमेना, मग तो गेला त्यांच्या भाच्याकडे, वॉरिकच्या अर्लकडे. भाचेसाहेबांनी त्याच्यासाठी बागेत खास काचघरच बांधलं!

द्राक्षवेलींचे पिळदार कान, मद्यदेव बॅकसच्या मंडळींचे मुखवटे... लोक फिदा झाले. चांदीत छोट्या कॉप्या निघाल्या. आपली ट्रॉफी त्याच घराण्यातली.

१९७८ मध्ये कलश विकला गेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला तो हवा होता, पण ब्रिटननं एक्स्पोर्ट लायसन्स अडवलं आणि १९७९ मध्ये तो ग्लासगोच्या बरेल कलेक्शनकडे आला. काचघरात आता त्याची प्रतिकृती आहे.

मला यात भावतं ते हे, की इतके जोड असूनही त्याला कुणी भंगार म्हटलं नाही.

मी नंदुरबारची. आमच्या जुन्या घरांच्या अंगणातही एक नक्षीदार ‘कुंडी’ असतेच की! तुळशी वृंदावन. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. पण घर पाडताना मलब्याच्या ट्रॉलीत चढणाऱ्या वृंदावनाला कोण अडवणार?

आमचंही घर यंदा पाडायचंय. वृंदावनाची एक कड फुटलेली, म्हणून काका म्हणाले, “नवीन घेऊ, टाइल्सचं.” मी त्यांना फोनवर ही सगळी स्टोरी ऐकवली. ते शांतपणे म्हणाले, “मग ने पुण्याला!”

सध्या मी बाल्कनीचं माप घेतेय.