डोईवरची सावली

वैनगंगेच्या काठी वसलेल्या भंडारा जिल्ह्यात उन्हाळा फार कडक असतो. अशा उन्हापासून मस्तकाचे रक्षण करण्यासाठी माणसाने निरनिराळी साधने योजली. जुन्या छायाचित्रांत स्त्रियांच्या डोईवर ती दिसतात. छायाचित्रामागे काही लिहिलेले नसले, तर हीच साधने साक्षीदार होतात.

इंग्रजी अमदानीत येथे राहणाऱ्या युरोपीय स्त्रिया उन्हात सोला हॅट घालीत. पाणथळ जागी वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या हलक्या, पांढऱ्या गाभ्यापासून ती बनवीत. या गाभ्यात हवा कोंडलेली असते; त्यामुळे उष्णता सहज आत शिरत नाही. जाड, घुमटासारखा माथा आणि खाली उतरती कड ही तिची खूण होय.

कापडाच्या किंवा गवती काड्यांच्या हॅटवरून काळाचा अंदाज बांधता येतो. १९१० च्या सुमारास युरोपात फार रुंद कडेच्या हॅट प्रचारात होत्या. १९२० नंतरच्या दशकात घंटेच्या आकाराची, भुवयांपर्यंत उतरणारी घट्ट हॅट आली. तिची कड इतकी आखूड की ती ऊन अडविण्यापेक्षा शोभेसाठीच अधिक होती.

येथील कष्टकरी स्त्रीला मात्र लुगड्याचा पदरच पुरे होई. धानाच्या बांधीत रोवणी करताना तिने पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतलेला असे. ओझे वाहताना पदरावर चुंबळ ठेवलेली असे. चुंबळ दिसली, की ती स्त्री कामावर होती, असे समजावे. कोकणात रोपे लावताना बायका बांबूच्या कामट्या व पाने यांचे इरले घेत. ते डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकी. परंतु ते मुख्यतः पावसासाठी असे, उन्हासाठी नव्हे.

तथापि, एकाच खुणेवर विसंबणे योग्य नाही. जुन्या काचा निळ्या रंगाला फार व तांबड्या रंगाला फार कमी दाद देत. म्हणून तांबडे लुगडे चित्रात काळे, तर निळे फिकट दिसे. चित्रशाळेत काढलेल्या चित्रातील हॅट उसनी असू शकते. उघड्यावरच्या चित्रात कडेची सावली चेहऱ्यावर पडली आहे का, हेही पाहावे. शिवाय जुनी हॅट पुष्कळ वर्षे वापरली जाई. म्हणून हॅटवरून चित्र कोणत्या काळाच्या आधीचे नाही एवढे कळते, नंतरचे नाही हे कळत नाही.

डोईवरील आच्छादनावरून काळ कळेल, काम कळेल. पण त्या बाईचे नाव कळणार नाही. ते केवळ घरातील वृद्धांच्या स्मरणात असते आणि त्यांच्याबरोबरच नाहीसे होते. म्हणून घरातील जुने छायाचित्र आजी-आजोबांसमोर ठेवावे, त्यांना नावे विचारावीत आणि चित्रामागे कडेला मऊ पेन्सिलीने हलकेच लिहून ठेवावीत. शाई पुढच्या बाजूस उमटण्याचा संभव असतो. रोवणी करून घर चालविणारी ती स्त्री निनावी राहू नये, एवढे काम मुलांच्या हातचे आहे.