पीएचडीला किती टक्के मिळाले?

घरातल्या मुलीने किंवा मुलाने पीएचडी मिळवली की पेढे वाटताना एखादे काका हमखास विचारतात, ‘‘किती टक्के मिळाले?’’ दहावीपासून पदव्युत्तर परीक्षेपर्यंत आपण सगळे टक्क्यांवर वाढलेलो असल्यामुळे हा प्रश्न साहजिकच आहे. आपल्याकडच्या पीएचडीच्या प्रबंधाला मात्र टक्के नसतात आणि पहिला-दुसरा वर्गही नसतो. पाच-सहा वर्षे खपून लिहिलेल्या दोन-तीनशे पानांचा निकाल ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ एवढाच असतो. हा निकाल ठरतो तरी कसा?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पीएचडीचे सुधारित नियम जाहीर केले. त्यानुसार या पदवीला किमान तीन वर्षे द्यावी लागतात. आरंभी संशोधन पद्धती, संशोधनातील नीतिमत्ता अशा विषयांचा अभ्यासक्रम असतो आणि त्यात किमान ५५ टक्के गुण लागतात. अख्ख्या प्रवासात टक्क्यांचा संबंध येतो तो एवढाच. पुढे संशोधन सल्लागार समिती विद्यार्थ्याच्या प्रगतीचा ठरावीक काळाने आढावा घेते. प्रबंध सादर करण्याआधी त्याला विभागातील प्राध्यापक आणि इतर संशोधक विद्यार्थ्यांसमोर आपले काम मांडावे लागते. ही एका अर्थाने रंगीत तालीमच असते. कच्चे दुवे इथेच उघडे पडले तर सुधारायला वाव राहतो.

त्यानंतर येते वाङ्मयचौर्याची तपासणी. संगणक प्रबंधातील मजकूर आधी प्रसिद्ध झालेल्या लेखनाशी ताडून पाहतो. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य मानले जाते. ते १० ते ४० टक्के असेल, तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल, तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर गेले, तर नोंदणीच रद्द होते. रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, समीकरणे या मोजणीतून वगळतात. पण हे यंत्र फक्त शब्दांचे साम्य पकडते. दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत मांडली किंवा आकडेच मनाने रचले, तर ते त्याला कळत नाही. तिथे माणूसच लागतो.

तो माणूस म्हणजे बाह्य परीक्षक. मार्गदर्शकाबरोबरच किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात. ते त्या विषयातले जाणकार असावे लागतात आणि त्या विद्यापीठाच्या नोकरीत नसावे लागतात. शक्य असेल तिथे त्यांपैकी एक परदेशातला असावा, असेही नियम सांगतो. दोघांनी प्रबंध स्वीकारण्याची शिफारस केली तरच मौखिक परीक्षा, म्हणजे ‘व्हायवा’ होते. एकाने नकार दिला तर प्रबंध तिसऱ्या परीक्षकाकडे जातो. त्यानेही नाकारला तर पदवी मिळत नाही. प्रबंध सादर झाल्यापासून सहा महिन्यांत ही सारी प्रक्रिया पूर्ण व्हावी, अशी अपेक्षा आहे.

परीक्षक नेमके काय पाहतो? प्रश्न नवा आहे का, त्यावर आधी झालेले काम विद्यार्थ्याने वाचले आहे का, उत्तर शोधण्याची पद्धत योग्य आहे का आणि काढलेला निष्कर्ष हाती आलेल्या पुराव्याला पेलतो का, हे चार मुद्दे कळीचे. एक कल्पित उदाहरण घेऊ. ३० रुग्णांना एक औषध दिले, त्यातल्या २२ जणांना बरे वाटले, म्हणून औषध गुणकारी, असा निष्कर्ष कोणी काढला. जाणकार परीक्षक लगेच विचारील, औषध न घेतलेल्या तशाच ३० जणांपैकी किती बरे झाले? तुलनेचा गटच नसेल, तर २२ या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. सर्दी औषधाविनाही आठवड्यात जातेच की!

हा प्रश्न विद्यापीठाच्या चार भिंतींपुरता नाही. एमडी, एमएस होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. रुग्णांवर अभ्यास करायचा तर आधी नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती लागते. वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत प्रबंध अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी सादर करण्याची आणि तो मान्य झाल्यावरच परीक्षेला बसू देण्याची पद्धत रुजलेली आहे. इथेही गुण नाहीत. आपल्याला तपासणारा डॉक्टर नव्या औषधाबद्दलचा दावा किती चिकित्सेने वाचतो, याची पहिली तालीम याच प्रबंधात होते. तपासणी केवळ उपचार म्हणून उरकली, तर ती तालीमही कच्ची राहते.

प्रबंधाला श्रेणी द्यावी की नाही, यावर जगात एकमत नाही. ब्रिटनमध्ये श्रेणी नसते. बंद दाराआड मौखिक परीक्षा होते आणि बहुतेकांना किरकोळ वा मोठ्या दुरुस्त्या सांगितल्या जातात. जर्मनीत मात्र ‘सुम्मा कुम लाउडे’ म्हणजे सर्वोच्च प्रशंसेसह, इथपासून नुसते ‘उत्तीर्ण’ इथपर्यंत श्रेणी आहेत आणि मार्गदर्शकच सहसा पहिला परीक्षक असतो.

त्यात काय धोका आहे, हे सांगणारी एक कथा आपल्या अगदी जवळची आहे. इरावती कर्वे १९२८ मध्ये मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांताचे मोठे पुरस्कर्ते होते. युरोपीय गोऱ्यांच्या कवटीची ठेवण असमान असते आणि तिचा संबंध बुद्धिमत्तेशी आहे, हे त्यांना सिद्ध झालेले हवे होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. कवटीची असमानता आणि वंश यांचा काहीच संबंध त्यांना आढळला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले. पदवी मिळाली, पण श्रेणी खालची, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे फिशर यांचे विचार नाझींच्या कामी आले आणि विज्ञानाने ते निकालात काढले. इरावतीबाईंचा निष्कर्ष मात्र टिकला. मार्गदर्शकाच्या मताला अनुकूल निष्कर्ष काढण्याचा मोह टाळणे, हीच त्या प्रबंधाची खरी गुणवत्ता होती आणि ती श्रेणीत उतरली नाही.

चांगली परीक्षा कशी असते, हे दुसऱ्या एका प्रबंधातून दिसते. नोव्हेंबर १९२४ मध्ये पॅरिसमध्ये लुई द ब्रॉय या तरुणाने इलेक्ट्रॉनसारखे कणही तरंगासारखे वागतात, अशी अचाट कल्पना प्रबंधात मांडली. परीक्षकांना ती पटेना, पण खोडताही येईना. त्यांच्यापैकी पॉल लांजव्हँ यांनी प्रबंधाची प्रत आइनस्टाइनला पाठवली आणि त्याचा अभिप्राय अनुकूल आला. मौखिक परीक्षेत ज्याँ पेरँ यांनी विचारले, हे तरंग प्रयोगात दिसतील का? स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडले तर दिसावेत, असे उत्तर मिळाले. १९२७ मध्ये अमेरिकेत डेव्हिसन आणि जर्मर यांच्या प्रयोगात ते खरोखर दिसले. १९२९ मध्ये द ब्रॉय यांना नोबेल मिळाले. आपल्याला कळत नाही तेव्हा अधिक जाणत्याला विचारणे आणि नेमका प्रश्न करणे, ही दोन्ही कामे त्या परीक्षकांनी चोख केली.

आपल्याकडे नियम पुरेसे आहेत, प्रश्न आहे तो ते पाळण्याच्या वृत्तीचा. परीक्षकांच्या यादीत मार्गदर्शकाच्या ओळखीचीच नावे असतील, अहवाल महिनोन् महिने रखडत असेल किंवा चार ओळींत ‘काम समाधानकारक’ एवढेच लिहून येत असेल, तर सगळ्या पायऱ्या कागदोपत्री पूर्ण होऊनही परीक्षा झाली असे म्हणता येत नाही. सविस्तर अहवाल, त्यातले खोचक प्रश्न आणि विद्यार्थ्याने दिलेली उत्तरे हीच या पदवीची गुणपत्रिका मानली पाहिजे.

यात सामान्य वाचकालाही थोडा वाटा आहे. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध कुणालाही मोफत वाचता येतात. मौखिक परीक्षाही त्या संस्थेतील प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांसाठी खुली असते. तेव्हा पुढच्या वेळी पेढा हातात घेताना टक्के विचारू नका. ‘‘परीक्षकांनी सर्वांत अवघड प्रश्न कोणता विचारला आणि तू काय उत्तर दिलेस?’’ असे विचारा. उत्तर ऐकण्याजोगे असेल, तर पदवी सार्थकी लागली असे समजायला हरकत नाही.