दारूबंदी आणि घरांतील बाटली

सन 1949 मध्यें मुंबई सरकारनें दारूबंदीचा कायदा केला. परभणीजवळची पिंगळी तेव्हां हैदराबाद राज्यांत. तिला त्याची झळ नव्हती. मुंबईंत बलसारा नांवाच्या गृहस्थांनीं उच्च न्यायालयांत अर्ज केला, कीं दारूप्रमाणेंच मद्यार्कयुक्त औषधें व कोलनवॉटर जवळ बाळगण्याची आपणांस मोकळीक असावी. 25 मे 1951 रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा झाला. मद्यपानास मनाई करण्याचा सरकारचा अधिकार न्यायमूर्ति फजल अली यांनीं मान्य केला. औषधांवरील व प्रसाधनांवरील बंदी मात्र अवाजवी ठरविली. दारूची नुसती वाखाणणी हाही गुन्हा मानणारें कलम (असलें कलम सुचावें हेंच नवल!) रद्द झालें. सारा कायदा मोडला नाहीं. सदोष तेवढेंच कातरलें. 1956 मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि पुढें या निकालानंतरच्या रूपांतच तो कायदा पिंगळीस लागू झाला.