कोनाचा पोट्टा व्हय रे तू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या बाजूला अनोळखी पोरगा दिसला, की पारावरचे म्हातारे आजोबा पहिला प्रश्न हाच करतात. पोरगा आडनाव सांगतो: राठोड, नाईक, देशमुख, नाहीतर शेवटी ‘वार’ असलेले एखादे. एवढ्याशा उत्तरात किती शतकांची पायपीट भरलेली असते!

हा ‘वार’च घ्या. दिवसाशी किंवा घावाशी त्याचे काही नाते नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या पट्ट्यात तो तेलुगूतून आला. तेलुगूत ‘वारु’ म्हणजे ‘ती माणसे’. आडनावाला तिकडे ‘इंटिपेरु’, म्हणजे घराचे नाव म्हणतात, आणि ते माणसाच्या नावाआधी लावतात. मराठी मुलखात हेच घर नावाच्या मागे जाऊन बसले. कन्नमवार म्हणजे कन्नम घरची माणसे.

आता हजारो मैलांवरचे आयर्लंड पाहा. तिथला राजा ब्रायन बोरू १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. त्याचे वंशज ‘ओब्रायन’ झाले. त्यातला ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज; ‘मॅक’ म्हणजे मुलगा. भाषा वेगळी, समुद्र वेगळा, पण उत्तर त्याच प्रश्नाचे: कोणाचा रे तू?

‘नाईक’ मात्र घर सांगत नाही, काम सांगतो. नेतो तो नायक. बंजारा तांडे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत, त्याला लदेणी म्हणत. तांड्याचा प्रमुख तो नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक यांचे घराणे मूळचे राठोड. तांड्याचे नायकपण घरात होते, म्हणून नाईक हेच आडनाव झाले.

आणि योग पाहा. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच गेले. काही दिवसांचा हंगामी कारभार संपून ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, आणि अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. महाराष्ट्राच्या सर्वोच्च खुर्चीवर एकापाठोपाठ बसलेली ही दोन विदर्भी आडनावे: एकात तेलुगू घर, दुसऱ्यात तांड्याची वाट.

लदेणी केव्हाच थांबली, बैलांच्या गळ्यातल्या घंटा विरल्या. तरी पारावर पोरगा ‘नाईक’ म्हणतो, तेव्हा तांड्याच्या पुढे चाललेला त्याचा कोणी पणजोबा त्या एका शब्दात अजून चालतच असतो.