चांदी वर आली, नावं पाण्यातच राहिली! महायुद्धात बुडालेल्या आपल्या खलाशांची स्मारकं नेमकी कुठे आहेत?

कळंबा (कोल्हापूर) : आयर्लंडच्या नैऋत्येला, अटलांटिक महासागरात सुमारे ४,७०० मीटर खोलीवर एक जहाज पडून आहे. 'टायटॅनिक'चे अवशेष साधारण ३,८०० मीटरवर आहेत, म्हणजे हे त्याहूनही खाली. या जहाजाचं नाव 'एसएस गैरसोप्पा'.

नाव ओळखीचं वाटलं? वाटायलाच हवं. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने शाळेत 'गिरसप्पाचा धबधबा' वाचला होता. कोल्हापुरातून पावसाळ्यात गाड्या भरून लोक जोगला जातात, तोच हा धबधबा. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने त्यावरून आपल्या मालवाहू जहाजाला नाव दिलं. आणि जहाजावरचे बहुसंख्य खलाशी भारतीय होते.

२०११ मध्ये अमेरिकेच्या 'ओडिसी मरीन एक्स्प्लोरेशन' कंपनीला हे जहाज सापडलं. पुढच्या दोन वर्षांत रोबोट खाली सोडून चांदीच्या २,७९२ विटा वर काढण्यात आल्या. वजन सुमारे शंभर टन. त्या खोलीवर एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर जवळपास ४८० किलोचा दाब असतो. इंजिनिअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात असली गणितं मार्कांसाठी सोडवली होती. इथे तेच गणित सोडवून लोकांनी कोट्यवधींची चांदी उचलली.

जगभर बातम्या झाल्या त्या चांदीच्या. खलाशांची नावं कुठे आहेत, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

'गैरसोप्पा'वर काय घडलं?

डिसेंबर १९४० मध्ये जहाज कोलकात्याहून निघालं. पोटात बीड लोखंड, चहा आणि ब्रिटिश सरकारसाठीची चांदी. आफ्रिकेतल्या फ्रीटाऊनला ते इतर जहाजांच्या ताफ्यात सामील झालं. पण पुढे हवामान बिघडलं, कोळसा कमी पडायला लागला. ताफ्याच्या वेगाने जाणं जमेना, तेव्हा कप्तानाने ताफा सोडून आयर्लंडच्या गॉलवे बंदराचा रस्ता धरला. एकटं पडलेलं जहाज पाणबुडीला सोपं सावज असतं. १६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री जर्मनीच्या 'यू-१०१' पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि साधारण वीस मिनिटांत सगळं संपलं.

सुमारे तीस जण एका होडीत चढू शकले. सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स या होडीचा प्रमुख होता. फेब्रुवारीतला अटलांटिक, अंगावर ओले कपडे, पिण्याच्या पाण्याची मोजदाद. उष्ण प्रदेशातून आलेल्या खलाशांना त्या थंडीने आधी गाठलं. रोज कुणी ना कुणी जात होतं. तेराव्या दिवशी, १ मार्चला, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या लिझर्ड टोकाचा किनारा दिसला तेव्हा मोजकेच जिवंत होते. आणि किनाऱ्याजवळच्या लाटांनी होडी उलटवली. खडकांवर आपटत, बुडत बाकीचे गेले. जहाजावरच्या सुमारे ८५ जणांपैकी एकटा एअर्स वाचला.

जवळच्या लँडेवेडनॅक गावच्या चर्चच्या आवारात या होडीतल्या मृतांना पुरलं आहे. रेडिओ ऑफिसर रॉबर्ट हॅम्पशायर याची कबर नावासह आहे. भारतीय खलाशाच्या कबरीवर मात्र नाव नाही, कारण तो कोण हे सांगणारं कुणी उरलंच नव्हतं.

या जहाजातून चांदीबरोबर सातशेहून जास्त पत्रंही निघाली. सत्तर वर्षं अंधारात, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या जागेत दाबून राहिल्यामुळे कागद टिकला. लंडनच्या पोस्टल म्युझियमने त्यांचं प्रदर्शनही भरवलं. भारतात राहणाऱ्या इंग्रजांनी घरी लिहिलेली ती पत्रं होती. ती पाठवणाऱ्यांची नावं आपल्याला कळली. ती वाहून नेणाऱ्यांची शोधावी लागतात.

मग खलाशांची नावं कुठे आहेत?

लंडनमध्ये टॉवर हिल इथे व्यापारी जहाजांवरच्या मृतांचं मोठं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातली जवळपास २४ हजार नावं तिथे जहाजवार कोरली आहेत. लंडनला गेलेले आपले लोक टॉवर ब्रिजसमोर फोटो काढतात, तिथून हे चालत काही मिनिटांवर आहे. पण तिथे 'गैरसोप्पा' शोधलंत तर मुख्यतः गोरी नावं सापडतील. भारतातून भरती झालेल्या खलाशांची नोंद वेगळी ठेवली गेली.

ती नोंद आहे मुंबईत. मशीद बंदरजवळच्या 'इंडियन सेलर्स होम' या इमारतीत पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही, असे हे लोक. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांवर नावांची नोंदवही तयार झाली. तिची एक प्रत मुंबईत, दुसरी आता बांगलादेशात असलेल्या चितगावमध्ये ठेवली गेली. लोकल ट्रेनमधून रोज हजारो लोक मशीद स्टेशनवरून जातात. त्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल, याबद्दल मला शंका आहे.

आकडा छोटा नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६,६०० भारतीय खलाशी मेले असं मानलं जातं. पहिल्यात सुमारे ३,४००. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश जहाजांवर पन्नास हजारांवर 'लस्कर' होते. भारतीय खलाशांना तेव्हा हाच शब्द वापरत. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर कामाची वाटणी प्रांतावर ठरलेली असे. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, इंजिनच्या भट्टीसमोर पंजाबी आणि पठाण, स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या दालनात गोव्याचे. पगार? त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनच्या बंदरांत भारतीय खलाशांनी संप केले, ते याच पगारासाठी.

एक उदाहरण पाहा. ३० डिसेंबर १९१५ ला लंडनहून मुंबईला येणारं 'एसएस पर्शिया' क्रीट बेटाजवळ बुडवलं गेलं. ५१९ पैकी ३४३ जण गेले. या जहाजाची गोष्ट इंटरनेटवर हमखास सापडते, ती एलेनॉर थॉर्नटनमुळे. रोल्स-रॉईसच्या बॉनेटवरच्या पुतळीची मॉडेल म्हणून ती ओळखली जाते आणि ती याच जहाजावर होती. तिच्यावर लेख आहेत, व्हिडिओ आहेत. भट्टीजवळ काम करणाऱ्यांवर नाहीत.

कोल्हापूरचा याच्याशी काय संबंध?

आपल्याकडे पाणी म्हटलं की कळंबा, रंकाळा, फार तर पंचगंगेचा पूर. पण समुद्र कोल्हापूरला परका नव्हता. मालवण आणि सिंधुदुर्ग हे कोल्हापूर संस्थानाचे होते. इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग घेऊन त्याचं नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं, मग परत दिला, आणि १८१२ च्या तहात मालवणसह कायमचा घेतला. तिथून आपला समुद्र तुटला.

तरीही पहिल्या महायुद्धात आपल्या भागातली माणसं एका नाविक मोहिमेच्या शेवटी अडकून पडली होती. तीही नदीत.

ठिकाण इराकमधलं कुत-अल-अमारा. टायग्रिस नदीच्या वळणावरचं हे गाव. मेजर जनरल टाऊनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनला तुर्की सैन्याने ७ डिसेंबर १९१५ पासून इथे वेढा घातला. आत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, बेळगाव हाच या पलटणींचा भरतीचा मुलूख. आधी धान्य घटलं, मग घोडे कापायची वेळ आली. अनेक भारतीय शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला आणि ते आणखी खंगले.

सुटकेचा शेवटचा प्रयत्न नौदलाने केला. 'जुलनार' नावाच्या आगबोटीवर लोखंडी पत्रे ठोकले, २७० टन धान्य भरलं आणि २४ एप्रिल १९१६ च्या रात्री तिला नदीतून वर सोडलं. दोन्ही काठांवरून गोळीबार होत होता. कुतच्या काही मैल अलीकडे, मगासिस इथे तुर्कांनी नदीत आडवी लोखंडी तार बांधली होती. बोट तिच्यात अडकली आणि काठाला लागली. बोटीवरचे दोन अधिकारी, फर्मन आणि काऊली, मारले गेले. दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. धान्य तुर्कांच्या हाती गेलं. पाच दिवसांनी, १४७ दिवसांचा वेढा संपवून सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यातले हजारो पुढच्या पायपिटीत आणि तुर्कस्तानच्या छावण्यांत मेले.

या मोहिमेत मेलेल्या आणि कबर नसलेल्यांचं स्मारक बसरा इथे आहे. ४० हजारांवर मृतांसाठी ते उभारलं, आणि इथे सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट येते. ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीपुढे फक्त आकडा. म्हणजे गावाकडून गेलेला माणूस दगडावर एक संख्या झाला. हे स्मारकही १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर नेण्यात आलं. तिथे जाऊन फूल वाहणं आपल्याकडच्या कुटुंबाला आजही सोपं नाही.

युद्धात मेलेल्यांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून हे मान्य केलं आणि माफी मागितली. पहिल्या महायुद्धातल्या ४५ ते ५४ हजार जणांची नोंद इतरांच्या तोडीची झाली नाही, आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावाने नोंदच नसावी, असा त्यांचा अंदाज. यात भारतीय आणि आफ्रिकी लोक जास्त. माझ्या मते ही माफी शंभर वर्षं उशिरा आली, पण तिच्यामुळे नवी नावं जोडण्याची वाट उघडली हेही खरं.

घरातलं नाव मोबाइलवर कसं शोधाल?

कमिशनच्या वेबसाइटवर मृतांचा शोध मोफत घेता येतो. पण थेट आडनाव टाकलंत तर बहुतेकदा काहीच मिळणार नाही. खलाशांच्या नोंदीत आडनाव नसतं. स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं, तेही कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. इस्माईल, इब्राहिम, महंमद ही नावं तर शेकड्यांनी आहेत. गोव्याच्या फर्नांडिस आणि डिसोझांचंही तेच.

त्यामुळे उलटीकडून सुरुवात करा. स्मारकाच्या जागी मुंबई किंवा बसरा निवडा, युद्ध निवडा, मग 'अधिक माहिती'च्या रकान्यात गाव, तालुका किंवा जिल्हा इंग्रजीत टाका. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव अनेकदा असतं. मराठा पलटणी शोधताना जुनी स्पेलिंग वापरा : 'एम-ए' नंतर 'एच' आणि पुढे दोन 'टी'. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर नोंदी निसटतात.

त्याआधी घरात चौकशी करा. खलाशाचं जुनं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर आणि नाव, यातलं एक जरी मिळालं तरी शोध कितीतरी पटीने सोपा होतो. पदक असेल तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका. कडेवरची अक्षरं बारीक असतात आणि पॉलिशने तीच आधी झिजतात.