लडाखच्या आकाशातले ३२९ दिवे

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते? आपल्या बुलढाण्यासह अकोला, जळगाव, पार चंद्रपूरपर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारी रांग बघितली होती. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, परग्रहवासी, सगळे अंदाज करून झाले. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं सापडलं, आणि कक्षेचं गणित मांडून अभ्यासकांनी सांगितलं की हा चिनी रॉकेटचा परत येणारा टप्पा असावा. (लोणार ज्यांच्या जिल्ह्यात आहे त्यांना आकाशातून काही पडण्याचं खरं तर अप्रूप नको!)

तेव्हापासून एक प्रश्न बऱ्याचदा येतो. अशा गोष्टींची लष्कर खरंच चौकशी करतं का?

करतं. २०१२ मध्ये पँगाँग सरोवराजवळ तैनात आयटीबीपी आणि लष्कराच्या तुकड्यांकडून अहवाल येऊ लागले: चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून पिवळसर गोळे वर येतात, तीन ते पाच तास हळूहळू आकाश ओलांडतात आणि नाहीसे होतात. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात अशा ३२९ नोंदी झाल्या. त्यातल्या १५५ वेळा वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आत आली, असं जवानांचं म्हणणं होतं. म्हणजे कागदावर १५५ घुसखोऱ्या. हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण एप्रिल २०१३ मध्ये देपसांगला दोन्ही सैन्यं तीन आठवडे समोरासमोर तंबू ठोकून बसली होती.

लष्कराने फिरतं रडार आणि स्पेक्ट्रम अॅनलायझर तिथे नेला. रडारवर काही उमटलं नाही. वस्तूच्या दिशेने ड्रोन पाठवलं, ते कमाल उंचीला पोचलं तरी वस्तू हाती लागेना. डीआरडीओ आणि एनटीआरओलाही ओळख पटली नाही. सुरुवातीच्या बातम्यांत तर 'हे ग्रह नव्हेत' असंच छापून आलं होतं.

मग बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे काम गेलं. लडाखमधलीच हानलेची वेधशाळा त्यांची. त्यांनी प्रश्न साधे ठेवले: वस्तू नेमकी किती वाजता दिसली, आणि ताऱ्यांच्या तुलनेत कशी सरकली? उत्तर निघालं गुरू आणि शुक्र.

आता मागे वळून बघा. तीन ते पाच तास! रॉकेटचा तुकडा काही मिनिटांत संपतो, उपग्रहही तसाच. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकतं, म्हणजे चार तासांत ६० अंश. 'हळूहळू आकाश ओलांडतो' ते हेच. ३ डिसेंबर २०१२ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर होता, त्यामुळे तो संध्याकाळीच पूर्वेला उगवायचा. शुक्र तेव्हा पहाटेचा तारा होता. रडार गप्प होतं, कारण गुरू सुमारे ६० कोटी किलोमीटरवर होता. ड्रोनची तर गोष्टच सोडा.

पण जवानांना नावं ठेवणं मला पटत नाही. पँगाँग चार हजार मीटरहून उंच. हवा विरळ, धूळ कमी, त्यामुळे ग्रह आपल्याकडच्यापेक्षा जास्त झगझगीत दिसतात. काळ्या आकाशात एकाच ठिपक्याकडे टक लावली तर तो हलल्याचा भास होतो, हा डोळ्यांचा दोष, कुणालाही होतो. शिवाय सीमेवर खरे ड्रोनही फिरत होतेच. चुकून खरा ड्रोन 'शुक्र' समजला गेला असता तर? म्हणून नोंद करणं बरोबरच होतं, फक्त नोंदीत 'कुठे' आणि 'किती वाजता' हवं होतं.

सगळ्या प्रकरणांचा असा निकाल लागतोच असं नाही. १९ नोव्हेंबर २०२३ ला इंफाळ विमानतळावर अनोळखी वस्तू दिसल्याने विमानसेवा काही तास थांबली, हवाई दलाने राफेल पाठवली, तरी वस्तू सापडली नाही.

तुम्हाला असं काही दिसलंच, तर नुसता झूम केलेला व्हिडिओ फारसा उपयोगाचा नसतो. चौकटीत झाड किंवा विजेचा खांब येऊ द्या, वेळ टिपा, दिशा टिपा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश भरते, तशा क्षितिजापासून किती मुठी वर आहे ते मोजा. अर्ध्या तासाने त्याच जागेवरून पुन्हा मोजा, आणि जमलं तर दुसऱ्या दिवशीही. तारा किंवा दूरचा ग्रह असेल तर रोज साधारण चार मिनिटं आधी त्याच जागी येईल.