विजेरी घरच्या घरी : जोरदार एलईडी टॉर्च बनवावी कशी आणि विकावी कशी



आपल्या मराठीची एक गंमत आहे. "अरे, बॅटरी आण जरा" असं आजीने म्हटलं की तिला हवी असते टॉर्च, आणि इथे वाढलेला नातू हातात आणून ठेवतो तो सेल! शुद्ध शब्द 'विजेरी', पण तो पाठ्यपुस्तकातच राहिला. या लेखात घोटाळा नको म्हणून उजेड देते ती 'टॉर्च' आणि तिच्या पोटात जातो तो 'सेल' असं ठरवून टाकू.

इथे अमेरिकेत हाताने टॉर्च बनवण्याचा छंद बराच रुजला आहे. गॅरेजमध्ये किंवा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लोक तांब्या-पितळेच्या, अॅल्युमिनियमच्या टॉर्च जुळवतात आणि काहीजण विकतातही. हायस्कूलमधल्या मुलांना वीज, उष्णता आणि प्रकाश हे तिन्ही धडे एकदम शिकवणारं असं दुसरं खेळणं क्वचितच सापडेल. मात्र यात दोन ठिकाणी खरा धोका आहे. एक आगीचा आणि दुसरा, विकायला गेलात तर, व्हिसाचा! म्हणून सगळं नीट समजून घेऊ या.

हे शक्य कशामुळे झालं?

लाल एलईडी १९६२ साली निक होलोनियाक यांनी बनवला. पण पांढरा उजेड मिळायला निळा एलईडी हवा होता, आणि तो झगझगीत स्वरूपात शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत १९९३ मध्ये दाखवला. निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की डोळ्याला पांढरा प्रकाश दिसतो. या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

अमेरिकेतल्या छांदिष्टांची सुरुवात बहुधा मॅगलाइटपासून झाली. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरिओ गावची ही दणकट टॉर्च १९७९ पासून मिळते. तिचा बल्ब काढायचा आणि त्या जागी एलईडी बसवायचा, हा पहिला उद्योग. पुढे २००६ मध्ये क्री कंपनीचा एक्सआर-ई आणि काही वर्षांनी एक्सएम-एल हे एलईडी आले, आणि मुठीत मावणाऱ्या टॉर्चमधून मोटारीच्या दिव्याइतका उजेड पडू लागला.

पोटात काय काय असतं?

पाच गोष्टी : एलईडी, त्याखालची तांब्याची चकती, ड्रायव्हर, सेल आणि पुढचा आरसा किंवा भिंग.

एलईडी हा बल्बसारखा सोशिक नसतो. व्होल्टेज जरासं वाढलं की त्यातून जाणारा प्रवाह एकदम उसळतो. म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो. ही नाण्याएवढी छोटी पाटी, आणि तिचं काम प्रवाहाला लगाम घालणं. साधा ड्रायव्हर जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. समजा पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा आहे, एलईडीला ३ व्होल्ट हवेत आणि प्रवाह ३ अँपिअर आहे. मग वरचे १.२ व्होल्ट गुणिले ३, म्हणजे ३.६ वॉट ड्रायव्हरच गिळतो. 'बक' प्रकारचा ड्रायव्हर महाग असतो, पण त्यात नासाडी बरीच कमी होते. पाटीवर एटीटायनी ८५ सारखी चिप असेल, तर मंद, मध्यम, प्रखर अशा पायऱ्या स्वतः प्रोग्रॅम लिहून ठरवता येतात. मुलांना हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

खरा शत्रू उष्णता

३ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ९ वॉट. यातला अर्ध्याहून जास्त भाग उजेड न होता उष्णता होतो, आणि ती उष्णता वाटाण्यापेक्षा लहान तुकड्यात निर्माण होते. तिला लगेच वाट दिली नाही तर एलईडी आधी निळसर पडतो, मग मंदावतो आणि शेवटी मरतो.

म्हणूनच आपल्या आज्या तांब्याच्या बुडाची भांडी का वापरायच्या ते इथे कळतं. तांबं अॅल्युमिनियमच्या सुमारे दुप्पट वेगाने उष्णता वाहून नेतं. पितळ अॅल्युमिनियमपेक्षा मागे आणि टायटॅनियम तर फारच मागे. टायटॅनियमची टॉर्च दिसते देखणी, पण ती प्रखर पायरीवर फार वेळ चालवता येत नाही. एलईडी तांब्याच्या चकतीवर थेट डाखलेला, चकती टॉर्चच्या अंगाला घट्ट टेकलेली आणि मध्ये उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर, अशी साखळी हवी. पेस्ट जाड थापली तर उलट अडथळाच होतो. शिवाय तापमान वाढलं की प्रवाह आपोआप कमी करण्याची सोय ड्रायव्हरमध्ये असावीच. टॉर्च खिशात चुकून चालू झाली तर कापड होरपळू शकतं!

जुळवणी

चकतीवर चिमूटभर सोल्डर पेस्ट लावायची, चिमट्याने एलईडी ठेवायचा आणि चकती तापत्या पत्र्यावर ठेवायची. पेस्ट वितळून चकाकली की एलईडी स्वतःच सरकून मध्यावर येतो. पृष्ठताणाचा हा खेळ मुलांना जरूर दाखवा. मात्र एलईडीचा मऊ घुमट चिमट्याने दाबू नका आणि खिडक्या उघड्या ठेवा. या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकाला नकोत.

त्यानंतर आरसा. खोल आणि गुळगुळीत आरसा लांब मारा करतो, तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आरसा उजेड पसरवतो. आरसा धातूचा असेल, तर तो एलईडीच्या टोकांना टेकून शॉर्ट होऊ नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकची चकती हवीच. रबरी रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावा. आणखी एक, टॉर्चच्या आट्यांमधून वीजही वाहते. टॉर्च लुकलुकायला लागली तर आधी आटे पुसून बघा. निम्मी दुखणी तिथेच बरी होतात.

सेल : इथे थट्टा नको

बहुतेक टॉर्चमध्ये १८६५० हा लिथियम-आयन सेल असतो. नावातच माप आहे : १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. हा सेल शॉर्ट झाला, ठेचला गेला किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाला तर त्यातली उष्णता स्वतःलाच वाढवत जाते आणि तो पेट घेतो. टॉर्चची बंद नळी म्हणजे मग जवळजवळ फटाकाच.

म्हणून नामांकित कंपनीचाच सेल घ्या, आणि तोही खात्रीच्या दुकानातून. वरचं वेष्टन फाटलेला सेल वापरू नका. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून 'काटकसर' करू नका. सुटे सेल नेहमी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा, किल्ल्या आणि नाण्यांबरोबर कधीच नाही. भारतात जाताना सुटे सेल चेक-इन बॅगेत टाकायला बंदी आहे. ते डबीत घालून हातातल्या बॅगेतच न्यायचे.

आकड्यांची फसवणूक ओळखा

बाजारात "१०,००० ल्युमेन, पाच तास" अशा जाहिराती दिसतात. पडताळा सोपा आहे. उत्तम एलईडीसुद्धा एका वॉटला १५० ल्युमेन देतो असं उदारपणे धरलं, तरी १०,००० ल्युमेनला ६६ वॉट लागतील. १८६५० सेल ३.६ व्होल्ट आणि ३ अँपिअर-अवरचा असेल तर त्यात जेमतेम ११ वॉट-अवर ऊर्जा असते. म्हणजे दहा मिनिटांत खेळ खलास! सेलवर "९९०० मिलिअँपिअर-अवर" लिहिलं असेल तर तो हमखास खोटा समजा. चांगल्या कंपन्यांचे सेल ३५०० च्या आसपासचे असतात.

उजेड किती लांब जातो ते ल्युमेनवरून नाही, कँडेलावरून ठरतं. अमेरिकेत २००९ पासून एफएल-१ नावाचं मानक आहे. त्यानुसार पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स, उजेड जिथे उरतो ते अंतर मोजतात. गणित असं : कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर, ४०,००० म्हणजे ४०० मीटर. अंतर दुप्पट व्हायला तीव्रता चौपट लागते.

विकायची असेल तर

सगळ्यात आधी व्हिसा. एच-१बी वर असलेल्याने ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याखेरीज दुसरं काम करायचं नसतं, आणि "छंद म्हणून चार टॉर्च विकल्या" हेही काम धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डच्या रांगेत उभं असताना हा धोका पत्करण्याजोगा नाही. एच-४ वर ईएडी मिळालेल्यांना स्वतःचा व्यवसाय करता येतो. तरीही इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पहिली टॉर्चसुद्धा विकू नका. भेट म्हणून द्यायला कुणाचीच हरकत नाही!

दुसरं, हिशोब. समजा सुट्या भागांना ४५ डॉलर लागले, पाठवणीला ८ आणि जुळवणी, तपासणी, पत्रव्यवहार मिळून तीन तास गेले. टॉर्च ९० डॉलरला विकली तर हातात ३७ उरतात, म्हणजे तासाला १२ डॉलर. त्यातून परत आलेल्या टॉर्चची दुरुस्ती आणि कर अजून जायचाच आहे. वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलरवर गेला की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागू होतो. भाग परदेशातून येत असतील तर जकात धरा. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची माफी चीनच्या मालासाठी २ मे २०२५ ला आणि इतर देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ ला थांबवण्यात आली. ऑर्डर देण्याच्या दिवशीचा दर बघूनच किंमत ठरवा.

तिसरं, पाठवणी. सुटे लिथियम-आयन सेल प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. त्यामुळे बरेच कारागीर टॉर्च सेलशिवाय विकतात आणि कुठला सेल घ्यायचा ते चिठ्ठीत लिहून देतात. हा शहाणपणाचा मार्ग. न केलेल्या चाचणीचा शिक्का टॉर्चवर कधीही मारू नका, आणि प्रॉडक्ट लायबिलिटी विम्याची चौकशी आधीच करा. आपण विकलेल्या टॉर्चने कुणाच्या घरात आग लागली तर प्रश्न ९० डॉलरचा राहत नाही.

कुणासाठी बनवाल?

आपल्यासारख्यांना याचा उत्तम उपयोग म्हणजे गावाकडची भेट. महाराष्ट्रात शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते आणि शेतकऱ्याला अंधारात बांधावरून मोटर चालू करायला जावं लागतं. त्याला लांब मारा नको, पायापुढचा पसरट उजेड हवा. रंग खरे दाखवणारा, किंचित पिवळसर एलईडी निवडा. वाळल्या पाचोळ्यातली घोणस निळसर उजेडापेक्षा त्यात लवकर नजरेत भरते. पायऱ्या दोनच ठेवा, बटण मोठं ठेवा आणि सेल तालुक्याला मिळेल असाच निवडा. चार्जर मात्र २३० व्होल्टवर चालणारा द्या बरं का!

पहिली टॉर्च करायला एक शनिवार-रविवार पुरतो. मुलांना बरोबर घ्या, सेल मात्र मोठ्यांनीच हाताळा.